वाकड्या किटल्या

लुटगार्टने शेवटचा कागद भिंतीवर टाचला आणि मागे सरकून पाहिलं. सात कागद, सात किटल्या, सगळ्या वाकड्या. चौथीचं झाकण तर किटलीचं वाटतच नव्हतं, कुणाची तरी टोपी चुकून तिच्यावर राहिल्यासारखं दिसत होतं. तिचं समाधान झालं.

"हे काय आणलंयस गं?" शेजारच्या भिंतीवर स्वतःची चित्रं लावणारा फ्रान्स म्हणाला. "माझी नात याहून बरं काढते."

"म्हणून तर आणलंय."

जूनमधला परीक्षेचा दिवस होता. लेया नदीकाठच्या या अकादमीत चित्रकला सात वर्षं शिकायची. आधी भांडीकुंडी, मग समोर बसवलेला माणूस, आणि शेवटची दोन वर्षं जे मनात येईल ते. सातव्या वर्षी परीक्षक येतात, भिंतीवरचं काम बघतात आणि बहुतेक पास करतात. पास झालं की प्रमाणपत्र हातात आणि जागा दुसऱ्याला. त्या वर्गात पुन्हा नाव घालता येत नाही.

लुटगार्टचं हे नववं वर्ष. दोनदा तिला ऐन परीक्षेच्या दिवशी ताप आला होता. तिसऱ्यांदा गैरहजर राहिलं की नाव कापतात, तेव्हा आता नापास होण्यावाचून इलाज नव्हता. वय चौऱ्याहत्तर. वर्गाचे मंगळवार आणि गुरुवार सोडले तर तिच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. ती हे कुणाला सांगत नसे, पण वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं.

"त्यापेक्षा कोरा कागद लावायचास," फ्रान्स म्हणाला.

"कोऱ्याला ते हमखास पास करतात. मागल्या वर्षी त्या दाढीवाल्याला नाही का केलं?"

किटल्या तिच्या पहिल्या वर्षाच्या होत्या, पलंगाखालून काढलेल्या. कोपऱ्यातल्या तारखा आणि मास्तरांचे शेरे तिने आदल्या दिवशी बसून रबराने पुसले होते.

परीक्षक दोघे होते, दोघेही परगावचे. एक टकले गृहस्थ आणि एक लाल चष्म्याची बाई. त्यांच्या मागे वर्गाचा मास्तर बावो. फ्रान्सच्या चित्रांपुढे ते दोन मिनिटं थांबले. किटल्यांपुढे मात्र त्यांचे पाय रुतले.

"सात वर्षं शिकून हात असा मोकळा ठेवायचा," बाई हळूच म्हणाली, "सोपं नाही हो."

"शिकलेलं सगळं टाकून दिलंय यांनी," टकले म्हणाले.

"टाकलं नाही. येतच नव्हतं मला," लुटगार्ट म्हणाली. खरं तेच बोलली ती.

बाई मनापासून हसली आणि तिने वहीत काहीतरी लिहिलं.

बावो पुढे वाकला. छतातल्या काचेतून तिरकं ऊन पडलं होतं. पेन्सिल पुसली तरी कागदावर तिचा चर राहतो. चौथ्या किटलीच्या कोपऱ्यात त्याला स्वतःचंच अक्षर दिसलं. 'किटली टेबलावर टेकवा. हवेत तरंगतेय.' त्याने लुटगार्टकडे पाहिलं. ती हात धुवायच्या बेसिनकडे बघत होती.

"तुमचं मत काय, बावो?" बाईने विचारलं.

जुनं काम नवं म्हणून लावणाऱ्याला अकादमीचं दार कायमचं बंद होतं. लुटगार्टने हा नियम वाचलाच नव्हता. बावोने वाचला होता.

"माझं मत मी पूर्वीच लिहून ठेवलंय," तो म्हणाला.

लुटगार्टला विशेष प्रावीण्य मिळालं. फ्रान्स नुसता पास झाला आणि तिच्याशी न बोलता बिअर प्यायला निघून गेला.

वर्ग रिकामा झाल्यावर ती एकेक टाचणी काढू लागली. बावो कागद धरायला आला.

"पहिल्या वर्षाच्या ना?"

"मग सांगायचं होतंस त्यांना. नापास तरी झाले असते."

"नापास नाही, हकालपट्टी झाली असती. परत पायरी चढता आली नसती तुम्हाला."

लुटगार्टच्या हातातली टाचणी तशीच राहिली. करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे तिला आता कुठे पुरतं कळलं.

"खाली शिल्पकलेत या," बावो म्हणाला. "पुन्हा सात वर्षं. तुमच्या जागेसाठी इथे चाळीसजण नाव लावून बसलेत, माझ्या हातात काही नाही."

"या बोटांनी माती मळू? काहीतरीच तुझं."

तिने किटल्यांची गुंडाळी केली, कोट चढवला आणि दाराशी गेली. कोटाच्या खुंटीशेजारी एक चिठ्ठी ईस्टरपासून लटकत होती. जुनी मॉडेल ओडिल लेकीकडे राहायला गेली, तेव्हा बावोनेच ती लावली होती. 'सप्टेंबरपासून चित्रासाठी बसायला माणूस हवा. मंगळवार, गुरुवार. वयाची अट नाही.' आजवर कुणी चौकशीलासुद्धा आलं नव्हतं.

लुटगार्टने ती दोनदा वाचली. मग टाचणी उपटली, चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात टाकली.

बावो बघतच राहिला. "कपडे काढून बसावं लागतं, बाई."

"इतकी वर्षं समोर बसून तेच तर बघितलं मी."

"वीस-वीस मिनिटं हलायचं नाही. बोलायचंही नाही."

"मधल्या सुट्टीत तर बोलता येतं ना?"

"येतं की."

"मग झालं," ती म्हणाली आणि मॉडेलच्या चौथऱ्याशेजारच्या गंजक्या हीटरकडे तिने बोट दाखवलं. "तेवढा तो दुरुस्त करून ठेव."