उसनी धडधड

“आज तुम्ही हा बांधल्याशिवाय मी इथून हलायची नाही,” म्हणत शर्मिष्ठाने स्पंदनपट्टा डॉ. सबनीसांच्या टेबलावर आपटला. लहान मुलांचं हृदय तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्या मुलाची धडधड या पट्ट्यातून स्वतःच्या छातीत अनुभवायची, असा कायदाच होता. सबनीसांनी तो कधी पाळला नाही. शर्मिष्ठाच्या मुलीची, इराची धडधड दवाखान्यात पोचेपर्यंत थांबायची, ईसीजी चांगला यायचा आणि ते हसून म्हणायचे, “शाळा बुडवायची नाटकं आहेत. लांब श्वास घे, बाळ.”

परवा शाळेत प्रार्थनेच्या वेळी इरा कोसळली. मोठ्या हॉस्पिटलात शॉक देऊन तिला कसंबसं परत आणलं. तिच्या छातीवर चिकटवलेल्या, पट्ट्यासाठी ठोके नोंदवणाऱ्या चकतीने धडधडीचा तो सगळा झटका टिपून ठेवला होता.

“त्याने काय होणार आहे?” म्हणत सबनीसांनी पट्टा बांधला. शर्मिष्ठाने ती नोंद सुरू करायचं बटण दाबलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पट्टा ओढू लागले, पण नोंद संपेपर्यंत तो सुटत नसे. “अहो, थांबवा! जीव जातोय माझा!”

नर्सने धावत येऊन त्यांचा ईसीजी काढला. भीतीने ठोके थोडे वाढले होते, पण लय बिनचूक होती. छातीत उसळत होती ती इराची धडधड.

शर्मिष्ठाने तो कागद त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

“रिपोर्ट तर नॉर्मल आहे. नाटकं पुरे झाली. लांब श्वास घे, बाळ.”