एकही छिद्र नाही

"मोजा बरं बाबा, किती तारे दिसतायत?" म्हणत दीक्षाने फोटो जयसिंगच्या मांडीवर ठेवला.

थेरगावच्या त्या दोन खोल्यांत आज नुसती धांदल होती. उद्या चाकणच्या कंपनीत जयसिंगचा सत्कार. बत्तीस वर्षं त्याने ब्रेकचे पार्ट डोळ्यांत तेल घालून तपासले. धातूत सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं, की पीस बाद. आणि यंदा तर कमालच झाली. चौदा एप्रिलपासून त्याच्या टेबलावर एकही पीस बाद झाला नव्हता. नव्या मशीनची करामत, असं तो गल्लीभर छाती फुगवून सांगत होता. साहेबही खूश. त्याची बायको भिमाबाई कधीची त्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत बसली होती.

बक्षीस म्हणून लेकीने हा फोटो आणला होता. कॉलेजच्या दुर्बिणीतून तिने स्वतः काढलेला. ताऱ्यांचा गोल पुंजका आहे म्हणे, पोळ्याला माश्या लगडाव्यात तसे लाखो तारे, सगळे एकमेकांना धरून राहिलेले.

जयसिंगने सवयीने फोटो ट्यूबलाइटखाली धरला, तिरपा करून पाहिला.

"एकच आहे की. मधे चुन्याचं बोट लागल्यासारखं. बाकी कागद स्वच्छ."

बाबा चेष्टा करतायत असं वाटून दीक्षा हसली. मग त्याचं बोट धरून तिने कडेला नेलं. "इथे आहेत. इथेही. पार कोपऱ्यापर्यंत ठिपकेच ठिपके आहेत, बाबा."

जयसिंगने डोळे चोळले. कागद स्वच्छच राहिला.

हल्ली जरा धूसर दिसायचं खरं, पण ते चाकणच्या धुळीने, असं तो धरून चालला होता. गेल्या महिन्यात कंपनीत डोळे तपासले, तेव्हा बाकीचे अडखळले आणि याने अक्षरांचा तक्ता घडाघडा वाचला. वाचला कसला! बत्तीस वर्षं भिंतीवर तोच तक्ता. त्याला तो तोंडपाठ होता. हे त्याचं त्यालाच आत्ता कळलं.

भिमाबाईने शर्ट खुंटीला लावला. बत्तीस वर्षांचं सोनं झालं, म्हणाली.

जयसिंगचा हात फोटोवरून फिरत राहिला. त्याला रडू येत होतं.

"दीक्षा, रोज चारशे पीस पास केलेत गं मी," तो म्हणाला. "सगळे रस्त्यावर धावतायत."