बकरी हटत नाही

"कढई लावून बघू का बकरीला?" घड्याळवालीने विचारलं.

शेजारी बसलेल्या नवऱ्याने मान हलवली. नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या आरशाकडे त्याने बोट दाखवलं, तेही पुन्हा एकदा.

तिने कढईच उचलली, बकरीवर नेली आणि माउस दाबला.

"बाईसाहेब," पडद्यावरचा धांदलराव कमरेवर हात ठेवून म्हणाला, "कढईला घाबरणारी बकरी असती, तर तिने स्वयंपाकघरात मुक्काम ठोकला असता का?"

ती खुदकन हसली. नवरा हसला नाही.

खेळ तसा पोरकटच होता. धांदलराव नळ दुरुस्त करायला राजवाड्यात गेलेला आणि स्वयंपाकघरात अडकलेला. दाराला टेकून एक बकरी बसलेली. ती हटल्याशिवाय त्याची सुटका नाही. खोलीतली एकेक वस्तू उचलायची आणि दुसरीवर लावून बघायची. बरोबर लागली तर खेळ मुकाट्याने पुढे सरकायचा. चुकली तर धांदलराव टोमणा मारायचा, आणि प्रत्येक चुकीसाठी त्याच्याकडे वेगळा टोमणा तयार असायचा.

हे शेवटचं दार होतं. बकरी हटली की खेळ संपणार, आणि खेळ संपला की तो घरातून कायमचा काढून टाकायचा, अशी नवऱ्याची अट होती. तिने ती कबूलही केली होती. तेव्हापासून बाईची अक्कल जणू गहाण पडली होती. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची बंद घड्याळं चालू करायची, कुठला स्क्रू कुठे बसतो ते न बघता सांगायची, आणि इथे एक बकरी हलवता येईना.

"बरं, छत्री?"

नवऱ्याने टेबलावर बोट आपटलं. तिने छत्री लावलीच.

"छान," धांदलराव म्हणाला. "आता पाऊस आला तर बकरी कोरडी राहील. मी मात्र अडकलेलाच."

नवऱ्याचा हात आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला. तिने तो हलकेच बाजूला केला.

"आवाज बंद केलात तर माझं काय चुकलं ते मला कळणार कसं?"

तो मागे टेकून भिंतीकडे बघत राहिला. बघायला तिथे काही नव्हतं. रस्त्यावरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून त्या छोट्या खोलीच्या चारही भिंतींना त्यानेच मागे कधीतरी कामासाठी जाड रजया ठोकल्या होत्या. दुपारचं आत नुसतं भट्टीसारखं तापायचं. तरी गळ्यातला मफलर त्याने काढला नव्हता. सवयीने तिने कोमट पाण्याचा पेला त्याच्या हाताशी ठेवला होता. तो तसाच होता.

पूर्वी या घरात तो बोलायचा आणि ती ऐकायची. आता पाळी उलटी झाली होती आणि तिला ते अजिबात जमत नव्हतं. तो चिडलाय, हे तिला दिसत होतं. त्याला त्रास होतोय, हेही कळत होतं आणि वाईट वाटत होतं. पण हात आरशाकडे जात नव्हता.

"एकदाच," ती म्हणाली. "एवढी एक चूक करू द्या. मग आरसा. शप्पथ."

त्याने निमूट मान डोलावली.

तिने उठून दार उघडलं. खेळताना ते नेहमी बंद असायचं. त्याने घाईने खूण केली, लाव ते.

"उकडतंय हो. आई झोपल्यात."

सासूबाई कालच थोरल्या मुलाकडून इथे राहायला आल्या होत्या. नजर जवळजवळ गेलेली, समोरचा माणूस नुसता सावलीसारखा दिसायचा. कान मात्र तिखट.

ती परत येऊन बसली आणि पडद्यातल्या दोरीवरचा मोजा काढून बकरीला लावला.

"मोजा एक, पाय चार," धांदलराव म्हणाला. "पायापायांत भांडणं लावायची आहेत का?"

या वेळी तिला हसू आलं नाही. तिने आरसा उचलला आणि बकरीवर नेला. नुसतं दाबायचं राहिलं होतं. बोट दाबेना. नवरा वाट बघत होता.

बाहेर काठीचा आवाज झाला. सासूबाई चौकट धरून दारात उभ्या राहिल्या. त्यांचे गाल ओले होते.

"बाळा," त्या म्हणाल्या, "थोरला म्हणाला, गळ्याचं ऑपरेशन झालंय, आता हा कधीच बोलणार नाही. आणि मी आत्ता तुझा आवाज ऐकला. मोजा, पाय, असं काहीतरी म्हणालास."

"आई, अहो, तो..." घड्याळवालीने सुरुवात केली. नवऱ्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

"तू थांब गं. त्याला बोलू दे. बोल रे, अजून एकदाच."

तो आईकडे बघत राहिला. मग त्याने बायकोच्या हातातून माउस घेतला, आरसा जागेवर ठेवून दिला आणि तोच मोजा पुन्हा बकरीला लावला.

"परत तेच? बरं बुवा," पडद्यातून त्याचाच, ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड केलेला आवाज आला. "मी कुठे जातोय. इथेच आहे."