झुडपातले जावईबापू

"ही फांदी तेवढी मध्ये येतेय," डॉक्टर म्हणाला. "बाकी सगळं फर्स्टक्लास."

घड्याळजी लगबगीने आत जाऊन झाडं छाटायची कात्री घेऊन आला. घरामागच्या अंगणात उजाडल्यापासून अकरा जण उभे होते. अकरा ट्रायपॉड, अकरा कॅमेरे, आणि लेन्स अशा हातहात लांब की घड्याळजीचा कॅमेरा त्यांच्यापुढे खेळण्यातला वाटावा. पण बातमी त्याची होती. गळ्याशी लाल ठिपका असलेल्या त्या चिमणीएवढ्या पाहुण्याचा फोटो त्यानेच परवा पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर या दातांच्या डॉक्टरने, ज्याच्या फोटोंची पुस्तकं निघतात, स्वतःहून फोन केला. सर, हा पक्षी आपल्या भागात तीस वर्षांत कुणी पाहिलेला नाही, पत्ता पाठवा. उभ्या जन्मात घड्याळजीला कुणी सर म्हटलं नव्हतं. त्याने पत्ता पाठवला, वर नकाशाही काढून पाठवला.

त्याने फांदी कापली. मग दुसरी. "अजून थोडं डावीकडचं," बँकेतला एक जण म्हणाला. झुडपाची पुढची बाजू पार उघडी पडली. पाहुण्याचा मुक्काम आठ दिवस त्याच झुडपात होता, हे घड्याळजीला ठाऊक होतं. पण एवढी मोठमोठी माणसं दारात उभी, नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना.

खिडकीच्या आतून पेल्यावर चमचा वाजला. खिडकीला लागूनच बायकोची खाट होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती आडवी होती आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. मग हा पक्षी आला. "आपल्याला मुलगी नाही, पण जावई बघा कसा आयता चालून आला," ती म्हणाली होती. "येतो, खातो, शेपटी उडवतो, सासूशी एक शब्द बोलत नाही. अस्सल जावई." तेव्हापासून नियमच पडला. जावईबापू झुडपाबाहेर आले की ती एक घास घ्यायची. ते आत गेले की तोंड बंद. एकेक घास करत आठ दिवसांत ती उशीला टेकून बसायला लागली होती.

"अहो, मला नुसत्या पाठी दिसताहेत," ती आतून म्हणाली.

"जातील गं आत्ता."

"जावईबापू आले का?"

"येताहेत."

डॉक्टरने खिशातून काडेपेटीएवढा स्पीकर काढला, झुडपाखाली ठेवला आणि फोनवर बटण दाबलं. त्याच पक्ष्याची शीळ, फक्त मोठी. "त्याला वाटतं दुसरा नर घुसलाय," डॉक्टरने समजावलं. "मग भांडायला बाहेर येतो."

"झक मारत येतो," बँकवाला म्हणाला. सगळे हसले. घड्याळजीही हसला.

तो आला. एरवी फार तर वीतभर बाहेर यायचा आणि पुन्हा पानांत. आज थेट उघड्या फांदीवर येऊन बसला, गळा फुगवून, नसलेल्या शत्रूला शोधत. कॅमेरे कडकडले. तो ओरडला, फिरला, पुन्हा ओरडला. चोच उघडीच राहायला लागली. किती पिळलं की स्प्रिंग तुटते हे घड्याळजीला चाळीस वर्षांच्या सवयीने बोटांतच कळायचं, आणि ते त्याला आत्ताही कळलं.

"डॉक्टर, बास आता," तो म्हणाला.

"दोन मिनिटं, सर." डॉक्टरने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही.

शिक्रा, तो छोटा शिकारी पक्षी, कुठून आला ते कुणालाच दिसलं नाही. फांदी नुसती हलली. मग शिक्रा कुंपणाच्या भिंतीवर होता आणि त्याच्या पंजाखाली लाल ठिपका होता. अकराही कॅमेरे वाजत राहिले. हात कुणीच उचलला नाही, घड्याळजीनेही नाही.

"मिळाला?" बँकवाल्याने विचारलं.

"अख्खा मिळाला." डॉक्टरने घड्याळजीच्या खांद्यावर हात ठेवला. "असा फोटो जन्मात एकदा मिळतो, सर. खाली तुमचं नाव टाकतो."

चमचा पुन्हा वाजला. घड्याळजीने कात्री पायरीवर ठेवली आणि तो आत गेला. वाटीतलं जेवण गार झालं होतं, त्याने तीच वाटी उचलली. खिडकीबाहेर पाठी तशाच होत्या, एकमेकांना फोटो दाखवत. स्पीकर बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"ऐकलंत? आज केवढे बोलताहेत सासूशी," बायको म्हणाली. "द्या."

तिने तोंड उघडलं. त्याने घास भरवला. शीळ चालूच होती, म्हणून तिने दुसरा मागितला, मग तिसरा. लागोपाठ तीन घास तिने महिन्याभरात घेतले नव्हते. त्याला मोठ्याने रडावंसं वाटत होतं आणि तो चौथा घास कालवत होता.

बाहेर कुणीतरी स्पीकर उचलला. ट्रायपॉड मिटले, एकेक करून पाठी हलल्या, खोलीत उजेड आला. बायकोने मान वळवली आणि बराच वेळ झुडपाकडे पाहिलं.

"हे कुणी छाटलं?"

तो वाटीत चमचा फिरवत राहिला.

"अहो, मग ते आता लपायचे कुठे?"

त्याने चमचा पुढे केला. तिने तोंड मिटून घेतलं.