अंतरपाटाआडची नवरी

"बाबा, एंटर दाबू नका!" मी किंचाळलेच. "आधी बिघडलेल्या डिस्कची कॉपी काढायची. मूळ डिस्कवरच दुरुस्ती केली, तर उरलेले फोटोही जातील!"

कालच्या लग्नाचे सगळे फोटो त्या एकाच डिस्कवर होते. आमच्या स्टुडिओतल्या स्टुलावर नवरीचा भाऊ पाय हलवत बसला होता.

"ही पोरगी करणार?"

"तिलाच विचारा," बाबा म्हणाले, आणि मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला.

कॉपी झाल्यावर मी काळ्या स्क्रीनवर त्यातले फोटो शोधायची कमांड टाइप केली, परत वाचली आणि डोळे मिटून एंटर दाबलं. बिननावाच्या फायली बाहेर येऊ लागल्या. पहिला फोटो अर्धा करडाच होता. दुसऱ्यात नुसता अंतरपाट आणि हवेत अक्षता.

"ताई कुठाय?" भाऊ ओरडला.

"ताई येतील हो!" मी म्हणाले. "अजून मंगलाष्टकंच चाललीत."