खाली जाणारा नळ

ज्योत्स्नाबाईंच्या अंगणातला नळ दर उन्हाळ्यात, पाणी वर चढत नाही म्हणून, वीतभर खाली जातो. यंदा तो कंबरभर खड्ड्यात पोहोचला आणि पाणी भरायला उतरलेल्या सासूबाई घसरून पाय मोडून बसल्या. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या ज्योत्स्नाबाईंनी तक्रारीवरून आलेल्या पालिकेच्या अभियंत्याला विचारले, “धरण भरलेलं आहे, पाइप कुठे फुटलेला नाही. मग पाण्याचा दाब गेला कुठे?” “म्याडम, नळ अजून खाली घ्या ना! सारे तेच करून राहिले.” खाटेवरून सासूबाई कडाडल्या, “मंग त्याले नळ कायले म्हणतं बापा? विहीर म्हण न!” अभियंता हसला. बाईंनी त्याला गच्चीवर नेले. कपाशीच्या वावरांवर इमारती दाटल्या होत्या; मधोमध जुनी टाकी एकटीच होती. दाब तिथे गेला होता: पालिकेने पाण्यासारख्या सोयींसाठी घेतलेले प्रत्येक इमारतीचे विकासशुल्क पगारांत संपवले, प्रत्येकीला याच टाकीवर जोडले आणि दुसरी टाकी बांधलीच नाही.