चारशे बारा संदर्भ

मुलाखत तीनला होती, आणि निवड समितीतले जयवंतराव पुराव्यावाचून मान डोलावणार नाहीत हे निरुपमाबाईंना सकाळीच फोनवर कळलं होतं. बडोद्याच्या सयाजीगंजातल्या आपल्या दवाखान्यात त्या अर्जाची पानं पुन्हा पुन्हा चाळत बसल्या होत्या.

पद लहानसहान नव्हतं. वंध्यत्वावरच्या नव्या संशोधन केंद्राचं संचालकपद. मेडिकल कॉलेजातल्या नोकरीतून निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. बाईंचे एकतीस शोधनिबंध होते, आणि जगभरच्या डॉक्टरांनी आपल्या लेखनात सोळाशे वेळा त्यांचा संदर्भ दिला होता. त्यातले चारशे बारा संदर्भ मात्र एकट्या एका निबंधाचे.

तो निबंध तेवीस वर्षांपूर्वीचा. त्यातली हकीकत अशी: बडोद्यातल्या एका तरुण पेशंटची पाळी अठ्ठाविसाव्या वर्षीच कायमची गेली. निरुपमाबाईंनी तिला इंजेक्शनांचा एक नवाच क्रम दिला, आणि वर्षभरात तिला मुलगी झाली. पेशंटचं नाव छापायचं नसतं, म्हणून निबंधात ती नुसती 'रुग्ण अ'. बाकीचे तीस निबंध गेले उडत, बाईंचं नाव झालं ते हिच्यामुळेच.

आणि जयवंतराव नेमके तिथंच बोट ठेवत. पुढं कुणालाच हे जमलं नाही, तर निदान ती पेशंट तरी दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं. बाई दरवेळी सांगत, कागदपत्रं पुराच्या पाण्यात गेली आणि पेशंट गाव सोडून गेली. विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं नाही असं बडोद्यात कोण आहे? ऐकणारा गप्प बसे. जयवंतराव काही बसत नसत.

अकराच्या सुमाराला काउंटरवरची नलिनी आत आली.

"बेन, एक मुलगी आलीये. आपली मराठीच आहे. म्हणते, तुमच्या त्या निबंधातली मुलगी मीच."

 निरुपमाबाईंना राग आला. हे जयवंतरावांचंच नाटक, दुसऱ्या कुणाचं असणार! हिचं पितळ आत्ताच उघडं पाडते, असं मनाशी म्हणत त्यांनी तिला आत बोलावलं.

मुलीचं नाव मोहना. अंगानं बारीक, बोलायला शांत. वडील नंदेसरीला केमिकल फॅक्टरीत होते. आई गेल्या दिवाळीत गेली आणि जाताना हा दवाखाना सांगून गेली. आता मोहनाचं लग्न ठरलंय, आणि आठ महिने झाले, तिचीही पाळी बंद आहे. घरी कुणाला सांगायची सोय नाही.

निरुपमाबाईंनी चष्मा काढून ठेवला.

"छापलेलं कुणीही वाचेल. छापलेलं नाही असं काहीतरी सांग."

मोहनानं थोडा विचार केला.

"आईच्या डाव्या पायाला सहा बोटं होती. इंजेक्शन घेताना ती ती बोटं मोजायची, सहापासून उलटी. तुम्ही हसायचात, म्हणे."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. सहा बोटांची ओळ पहिल्या खर्ड्यात होती. संपादकांची शब्दमर्यादा आडवी आली म्हणून त्यांनीच ती खोडली आणि खर्डा फाडून टाकला. तो जगात दुसऱ्या कुणी पाहिलेला नव्हता. आणि उलटं मोजणं तर त्यांनी कधी कागदावर उतरवलंच नव्हतं.

जयवंतरावांनी सात जन्म घेतले असते तरी हे त्यांना सापडलं नसतं. मुलगी खरी होती. तेवीस वर्षं अडून बसलेलं काम आज आपल्या पायांनी चालत दारात आलं होतं.

"तीनला मी येते तुमच्याबरोबर," मोहना म्हणाली. "बाहेर मुलाखतीचं कळलं मला. सगळ्यांसमोर सांगते. मला फक्त आईला दिलंत तेच औषध द्या."

तिनं बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. निरुपमाबाईंनी सवयीनं नाडी धरली. हात ऊबदार होता, नाडी चांगली ठसठशीत लागत होती. बाहेर नलिनी कुणालातरी नंबर सांगत होती. निरुपमाबाईंना भीती वाटत होती, इतकी की ते मनगट त्यांच्याच्यानं सोडवेना.

"द्याल ना?" मोहनानं विचारलं.

द्यायला औषधच नव्हतं. तेव्हा कॉलेजात बढतीला एक निबंध कमी पडत होता, म्हणून एका रविवारी घरी बसून निरुपमाबाईंनी ती पेशंट, तो उपचार आणि ही मुलगी, सगळं मनानंच रचून लिहिलं होतं.